मोटारीले जू नाई

दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी गुणवंतराव पाटील लोटा घेऊन मोटारीत बसले, आणि ओसरीवर दात घासत उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या, भैयाजीच्या, डोक्यात किडा वळवळला.

तसं हे रोजचंच होतं. गावाबाहेरच्या बोडीपर्यंत, म्हणजे तळ्यापर्यंत, चालत जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट मोटारीचं हँडल फिरवण्यात जायचा. पण लाकडाच्या ठेकेदारानं नागभीड सोडताना ती जुनी मोटार गुणवंतरावांच्या गळ्यात बांधली, तेव्हापासून त्यांचे पाय नुसते जेवताना मांडी घालायच्या कामाचे उरले होते. शेतात मोटार, देवळात मोटार, समोरच्या घरी सुपारी मागायला मोटार. बोडीकडे जातानाही हॉर्न वाजवत जायचे. पाटलांचं पोट साफ झालं की नाही, हे गावाला परतीच्या हॉर्नवरून कळायचं.

आज परतीचा हॉर्न लांबलचक वाजला. म्हणजे स्वारी खुशीत.

कमळा तोच मोका साधून अंगणात उभी होती.

"बाबा, परवा सुट्टी संपली का म्या सायकलनं जाईन शाळेत."

गुणवंतरावांनी रिकामा लोटा तिच्या हातात दिला. "कोनाच्या सायकलनं?"

"काकाजीच्या."

"घरी मोटार उभी असताना पाटलाची पोट्टी टांगा हलवत जाईन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं आताच म्हनून राह्यले, बाबा. मोटार निंगते तिच्या मर्जीनं. म्या पोचतो तवा पोट्टे बोरीच्या झाडावर चढलेले असतात. हेडमास्तर म्हनाले, दिवाळीनंतर एकबी दिवस उशीर झाला तं दुसरी मास्तरीन पाह्यतो."

"तं पाहू दे."

एवढं म्हणून ते आत गेले. कमळा लोटा धरून तशीच उभी. मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास व्हायला तिनं केलेला आटापिटा या घराच्या मागच्या सगळ्या भांडणांना पुरून उरला होता. आता ती नोकरी एका हँडलवर लटकली होती.

स्वयंपाकघरातून तिच्या आईनं, सुगंधाबाईंनी, आवाज दिला. "कमळे, आज सायकल-फायकल तोंडातून काढू नोको हं. पाहुने येऊन राह्यले. पयलेच दोन ठिकानं गेले हातचे."

"मी तं म्हनतो, मोटारीतून उतरते तवाच पोरगी शोभते," आशाबाई पुऱ्या लाटता लाटता म्हणाली. आशाबाई भैयाजीची बायको. पण मोटारीच्या बाबतीत ती थोरल्या दिरांच्या पार्टीत. नागभीडला टुरिंग टॉकीज आली की पुढच्या सीटवर ती बसायची. तिचा नवरा मागे, पिशव्यांमध्ये.

कमळानं काकाकडे पाहिलं. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर तिला सायकल शिकवणारा तोच होता, आणि हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. भैयाजीनं चूळ भरली आणि डोळा मारला.

"तू पुऱ्या तळ, पोरी," तो म्हणाला. "म्या जरा भावाची सेवा करून येतो."

*

गुणवंतराव धोतराचा सोगा खोचून मोटार पुसत होते. आज ती चमकायला पाहिजे होती. सकाळच्या गाडीनं कवडूजी येणार, त्यांचा मुलगा नीळकंठ येणार, आणि मुख्य म्हणजे कवडूजींची मोठी बहीण रुखमाबाई येणार. त्या घरात रुखमाबाई 'हो' म्हणाली की हो, आणि 'नाई' म्हणाली की चहासुद्धा परत जायचा. पोरगा जंगल खात्यात नाकेदार, पगारी. हे ठिकाण सोडायचं नाही असं गुणवंतरावांनी ठरवलं होतं. मागची दोन का गेली हे त्यांना कळलंच नव्हतं. मोटारीनं आणले, मोटारीनं पोचवले. आणखी काय पाहिजे माणसाला?

"भाऊ," भैयाजी टायरावर पाणी मारत म्हणाला, "एक सांगू? आज गावची सगळी ढोरं सजून राह्यली. गोधन निंगन. आन आपल्या घरचा हा खरा ढवळ्या असा उघडाबोडका जाईन ठेसनावर?"

गुणवंतरावांचा हात थांबला. "म्हंजे?"

"गेरूचे ठप्पे मारू. हार बांधू. मोरपीस लावू. आन गोधनात सगळ्यात समोर उभी करू. कोनाच्या घरी हाय असं जनावर? नागभीडपर्यंत नाव होईन."

"मोटार... गोधनात?"

"काऊन? पानी पेते, धूर सोडते, मनात असलं तरच चालते. बैल नाई तं काय हाय?"

गुणवंतराव हसले. मनात चित्र उभं राहिलं: मोटार सजलेली, रुखमाबाई खाली उतरतात, लोक बघतात. "भैया, कधीमधी तुह्या डोक्यात अक्कल येते बरं."

"तुमचाच भाऊ हाय न."

घटकाभरात बॉनेटवर गेरूचे पंजे उमटले. आरशांना गोंडे बांधले. दोन्ही दिव्यांच्या वर भैयाजीनं शिंगं रंगवली, तीही जरा वाकडी. मारकी वाटत होती. आशाबाईनं स्वतःचा एक जुना जरीचा पदर झूल म्हणून दिला. गुणवंतरावांनी मोटार वाजतगाजत मारुतीसमोरच्या मैदानात नेली आणि सगळ्या गाईबैलांच्या पुढे उभी केली. पहिल्याच हॉर्नला दोन गोऱ्हे दावं तोडून पळाले. ते आणायला अर्धं गाव धावलं.

गावच्या गायगोधनाचा मान इसरू गोवाऱ्याचा. वर्षभर गावची ढोरं तोच चारायचा, म्हणून आजच्या दिवशी त्याचा शब्द पाटलाच्या वर. डोक्याला मोरपिसं, कमरेला घुंगरं, आणि सकाळपासून थोडी घेतलेली. त्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली.

"पाटील, इचीबी पूजा?"

"सगळ्यात पयली इची."

"पक्कं सांगता? जनावर म्हनून?"

"अरे, माह्या घरचा ढवळ्या हाय तो! कर पूजा!" गुणवंतराव इतक्या जोरात बोलले की मागच्या रांगेतल्या बायांनाही ऐकू गेलं.

इसरूनं कुंकू लावलं, ओवाळलं, बॉनेटवर खिचडीचा घास ठेवला. घुंगरं वाजली, लोक नाचले. मग त्यानं काठी वर केली आणि दरवर्षी द्यायची तीच हाक दिली: "आज पुजलेल्या जनावराले जू नाई होऽऽ!"

"जू नाई होऽऽ!" गाव ओरडलं. गुणवंतरावही ओरडले. सवयच ती.

मग त्यांनी धोतर झटकलं, हँडल काढलं आणि मोटारीच्या नाकात घातलं.

इसरूची काठी आडवी आली.

"कुठी, पाटील?"

"ठेसनावर. गाडीची वेळ झाली."

"आज जुपत नाई पुजलेलं जनावर."

"अबे, ही मोटार हाय!"

"आता तं ढवळ्या होता."

मैदानात कोणीतरी फिसकन हसलं. गुणवंतरावांनी वळून पाहिलं, तर भैयाजी तोंडावर उपरणं धरून खोकत होता.

"इसरू, येडेपना नोको करू. पाहुने ताटकळतीन."

"म्या काय करू? तुमीच म्हनाले, पयली पूजा इची. आता तुमी जू ठेवता, आन उद्या कोनाच्या धानाले रोग लागला, कोनाची गाय आटली, तं गाव कोनाले धरन? मले धरन का तुमाले?"

"पाटलालेच धरू न," मागून एक म्हातारा म्हणाला. "इसरूजवळ हाय काय?"

गुणवंतरावांनी हँडल बाहेर ओढलं. धान अजून शेतात उभं होतं. उद्या तुडतुडे आले तर अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर येऊन बसलं असतं. "बरं, मंग छकडा जुपा."

"छकड्याले बैल लागते," भैयाजी हळूच म्हणाला. "आन बैल तं..."

सगळे बैल हार घालून समोर उभे होते. एक जण पाटलांकडे बघत निवांत रवंथ करत होता.

*

सुगंधाबाईंनी दारातून पाहिलं तेव्हा त्यांना आधी खरंच वाटलं नाही. नवरा पायी चालला होता, लग्नातले करकरीत जोडे घालून. मागे दीर, हातात सायकल धरून, पाहुण्यांचं सामान आणायला म्हणून.

"काय केलं व भाऊजीनं?" त्यांनी जावेला विचारलं.

मैदानातून परतलेल्या आशाबाईनं सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःच हसत सुटली. "माहा पदर, बाई! मोटारीले घालून देल्ला, आन आता मोटार मैदानात बसली नवरीवानी."

सुगंधाबाईंना राग आणायचा होता, पण तो काही येईना. पाणी कमी पडलं म्हणून घागर घेऊन त्या स्वतःच विहिरीवर गेल्या. गडी गोधनात नाचत होता. विहिरीवर चार बाया होत्या.

"पाटलीनबाई! तुमी? पायी?"

"काऊन, माहे पाय काय गहाण हायेत?"

मग ज्या गोष्टी सुरू झाल्या त्या थांबेनात. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाचं जुळलं, कोणाचं मोडलं. मोटार आल्यापासून बाजाराचा दिवससुद्धा सुगंधाबाईंच्या हातून गेला होता. बाया घोळक्यानं जायच्या आणि त्या काचेआड बसून धूळ उडवत पुढे निघून जायच्या. बायाही मग हात करायच्या बंद झाल्या. त्या घागर घेऊन परतल्या तेव्हा पुरी करपायला आली होती. जावेनं पाहिलं, त्यांचं तोंड कसं खुललं होतं.

"बाई, तुमी तं दिराच्या पार्टीत गेल्या."

"चूप बस. पुरी पाह्य."

*

पाहुणे आले ते हसत आले. कवडूजींना रस्त्यातली धानं फार आवडली. प्रत्येक बांधीपाशी थांबून त्यांनी लोंबी हातात घेतली होती. नीळकंठ गड्यासारखा लांब ढांगा टाकत होता. रुखमाबाई शेवटी, भैयाजीशी बोलत. आणि गुणवंतराव सगळ्यांच्या मागे, दोन्ही टाचा वर धरून.

पण घरात पाय ठेवला आणि सगळे सतरंजीवर लाकडासारखे बसले. पोहे आले. चहा आला. कमळा आली, बसली, पदर सारखा केला.

"सैंपाक येते?" रुखमाबाईंनी विचारलं.

"येते."

"शिवन?"

"येते."

"शाळेत जाते म्हने."

कमळानं तोंड उघडलं, तोच गुणवंतराव मध्ये पडले. "जाते, पन मोटारीनं! पायाले धूळ नाई लागू देत आमी. आज जरा सनामुळं मोटार उभी हाय, नाईतर तुमालेबी..."

रुखमाबाईंनी कवडूजींकडे पाहिलं. कवडूजींनी पानाच्या तबकाकडे पाहिलं. खिडकीशी उभ्या सुगंधाबाईंनी ती नजर टिपली. मागच्या दोन पाहुण्यांची हीच नजर होती.

जेवणं झाली. 'कळवतो' म्हणून सगळे उठले. रुखमाबाई मात्र उठेनात. इतका वेळ मांडी घालून बसल्यानं त्यांचा गुडघा धरला होता. कसंबसं उभं केलं. पोचवायला अख्खं घर निघालं, सुगंधाबाई आणि आशाबाईसुद्धा. सायकल ढकलायला भैयाजीनं कमळाला दिली. "माहा हात दुखते," तो म्हणाला. कोणता, ते सांगितलं नाही.

रस्ता जंगलाच्या कडेनं. सागाची पानं पिवळी पडायला लागलेली, बांध्यांत धान सोनेरी. माणसं पांगली, दोघं-दोघं झाली. सतरंजीवर जी तोंडं उघडत नव्हती ती इथे उघडली. सुगंधाबाई आणि कवडूजी कोणाच्या तरी आजारपणावर बोलत होते, आशाबाई नीळकंठला वाघाबद्दल विचारत होती. रुखमाबाई मात्र मागे पडत गेल्या, आणि तळोधीच्या बाजूनं गाडीची शिट्टी ऐकू आली.

"गेली गाडी," कवडूजी म्हणाले. "बाई पोचत नाई आता."

"मोटार असती न..." गुणवंतराव एका दगडावर बसून जोडे काढत होते.

कमळा थांबली. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं, तोवर तिनं काष्टा खोचला, दांडीवरून पाय टाकला आणि म्हणाली, "आत्याबाई, बसा मागं."

"कमळे!" गुणवंतराव ओरडले.

रुखमाबाईंनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा कॅरियरकडे. "पाडशीन तं नाई?"

"पडलो तं दोघी पडू."

नीळकंठानं पुढे होऊन कॅरियर धरलं, आत्याला बसवलं आणि हळूच कमळाला म्हणाला, "उताराले आधीच बिरेक दाबजा. आत्या भारी हाय."

*

पहिल्यांदा चाक लडबडलं. रुखमाबाईंनी 'माय वो' म्हणून कमळाची कंबर पकडली. मग वेग आला आणि वारा लागला.

"बाप्पा!" रुखमाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पकड सैल केली. "कोनं शिकवलं?"

"काकाजीनं. घरी ठाऊक नाई. आता झालं ठाऊक."

"मोटारीत बसनारी पोरगी, सायकल कायले शिकली?"

समोर रस्ता होता. रुखमाबाईंचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोलणं सोपं गेलं. "मोटारीनं माही नौकरी जाऊन राह्यली, आत्याबाई. मले शाळा सोडाची नाई. आता नाई, लगन झाल्यावरबी नाई. हे घरी बोलता आलं नाई. तुमाले चालत नसन तं आताच सांगा, म्या काही मनात नाई धरनार."

कमरेवरचा हात सुटला. कमळाला वाटलं, संपलं. मग कॅरियर हलायला लागलं. रुखमाबाई हसत होत्या.

"पोरी, आमी नाई म्हनालेच आलो होतो. सकाळपासून 'नाई' तोंडातच हाय."

"काऊन?"

"नीळकंठाची चौकी झाडीत. रस्ता नाई, पायवाट. आमी आयकलं, पाटलाची पोट्टी बोडीवरबी मोटारीनं जाते."

"ते बाबा जाते!"

"आता समजलं. बिरेक दाब, बिरेक! ठेसन आलं."

*

गुणवंतराव फलाटावर पोचले ते अनवाणी, जोडे काखेत. गाडी उभी होती. छोटी गाडी ती, पाणी पिऊन फुसफुसत होती. बाकीचे चढले होते. रुखमाबाई डब्याच्या दारात बसल्या होत्या, मागे केस उडालेले, गालावर रंग चढलेला.

"या, पाटील, या. आयका. पोरगी पसंत हाय."

गुणवंतरावांच्या काखेतला एक जोडा पडला.

"आन तिची शाळा सुटली असं कानावर आलं, तं आमचा होकार धरू नोका. आमच्या गावच्या शाळेत मास्तर टिकत नाई. पायी यावं लागते म्हनून पळते सगळे. आमाले हीच पाह्यजे."

"नाई सुटनार! रोज मोटारीनं वेळेवर..."

"मोटारीपाईच दोन्ही घरं गेले तुमच्या हातचे, पाटील," कवडूजी खिडकीतून म्हणाले. "पयलं ठिकान माह्या साढूचं होतं. त्यायनंबी तेच म्हनलं. मोटारीची पोरगी आपल्या घरी मावत नाई."

शिट्टी झाली. नीळकंठ दुसऱ्या खिडकीतून कमळाकडे पाहत होता आणि कमळा सायकलच्या घंटीकडे. गाडी हलली.

परत जाताना सुगंधाबाईंनी एकदाच नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तीन वरसं म्हनत होता ना, काय कमी हाय म्हनून ठिकानं जाते? घ्या."

मग त्या जावेबरोबर पुढे निघून गेल्या. भैयाजी त्यांच्याही पुढे, जवळजवळ धावतच. गावाला बातमी द्यायची घाई होती त्याला.

मागे बापलेक राहिले. गुणवंतरावांच्या टाचांवर फोड आले होते. ते कडेच्या गवतातून चालत होते. कमळा सायकल हातानं नेत होती.

"बसून जा ना तू," ते म्हणाले.

"तुमी पायी, आन म्या बसू?"

मग पाटील थांबले. आधी मागे पाहिलं, मग पुढे. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"रुखमाबाईपेक्षा म्या हलका असन," ते म्हणाले.

कमळानं हसू दाबलं. काष्टा खोचला. पाटील एका बाजूला पाय सोडून बसले, दोन्ही जोडे मांडीवर. सायकल लडबडली, सावरली, चालली. बांध्यांमधलं धान इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं, हे गुणवंतरावांच्या मानेच्या वळण्यावरून कळत होतं.

ऊन उतरलं होतं. गाव जवळ आलं तसं त्यांनी जोडे घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आणि वळणावर त्यांना दिसलं: मारुतीसमोरचं अख्खं मैदान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. इसरू घुंगरांसकट. विहिरीवरच्या बाया. सुगंधाबाई, आशाबाई. आणि मधोमध भैयाजी, उपरणं तोंडावर, पण डोळे उघडे.

"बाबा, उतरता का?" कमळानं विचारलं. "म्या मागच्या गल्लीनं नेतो."

गुणवंतरावांनी गावाकडे पाहिलं. इथे उतरलं तर लपवल्यासारखं झालं असतं, आणि घरापाशी उतरलं तर हसणं आटोपायला संक्रांत उजाडली असती. त्यांनी एक हात मुलीच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं जोडे उंच धरले.

"थांबू नोको," ते म्हणाले. "बाजूले व्हा बेऽऽ! घंटी वाजव, कमळे. तशीच सरळ घे शाळेपर्यंत. परवा कुठून जाशीन, तो रस्ता पाहू दे मले."